डॅशकॅम घ्यायचाय? आधी मे महिन्यातली दुपार आठवा

पाचोऱ्याच्या एका भाऊंनी डॅशकॅमबद्दल, म्हणजे पुढच्या काचेला लावून रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल, विचारलंय: महिन्यातून दोनदा चाळीसगाव, कन्नड घाट, संभाजीनगर असं करत पुण्याला जाणं होतं. बाकी दिवस गाडी वडील शेतावर नेतात. गाडी अंगणात उघड्यावर उभी असते. बजेट दहा हजारांच्या आसपास. फोर-के घ्यावा का, मागचा कॅमेरा लागतो का, जीपीएस आणि पार्किंग मोडचे पैसे मोजावेत का, आणि इतक्या फीचर्समधून निवड करायची कशी?

भाऊ, जळगावात अजिंठा चौफुलीजवळ माझं गाड्यांच्या वायरिंगचं आणि अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे. कॅमेरे विकतो, बसवतो, आणि त्याहून जास्त बंद पडलेले उघडतो. त्या उघडलेल्या कॅमेऱ्यांवरून सांगतो, आपल्या भागात निवडीची सुरुवात फोर-केपासून करायची नाही. पहिला प्रश्न एकच विचारायचा: आत बॅटरी आहे की सुपरकॅपॅसिटर?

जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस ओलांडतो हे तुम्हाला सांगायला नको. ते झालं सावलीतलं तापमान. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या पुढे जातो, आणि कॅमेरा त्याच्या वीतभर वर, काचेला चिकटून बसलेला असतो. बहुतेक लिथियम बॅटऱ्या 45 अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं त्या बनवणारेच सांगतात. आपण काय करतो? दुपारी दोनला गाडीत बसतो, सेल मारतो, आणि भाजून निघालेल्या बॅटरीला लगेच चार्जिंग सुरू होतं. मागच्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकानं कॅमेरा पिशवीत घालून आणला. पाठीमागचं झाकण आपोआप उघडलेलं, स्क्रीन एका कोपऱ्यातून वर आलेली. झाकण काढलं तर आतली बॅटरी तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगलेली. कॅमेरा जेमतेम आठ महिन्यांचा होता. मी ती बॅटरी चिमट्यानं उचलून वाळूच्या डब्यात टाकली. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही आणि घरात ठेवायची नाही, एवढं लक्षात असू द्या.

सुपरकॅपॅसिटर म्हणजे काही सेकंदांपुरती वीज साठवणारा भाग. गाडी बंद झाली किंवा धडकेत वायर तुटली की शेवटची फाईल नीट बंद करण्यापुरता तो जीव धरतो, बाकी काही नाही. त्यामुळे असा कॅमेरा गाडीतून काढून हातात धरून चालवता येत नाही, आणि दुकानातला पोरगा हेच त्याचं वैगुण्य म्हणून सांगेल. तुम्ही मनावर घेऊ नका. असे कॅमेरे साधारण 65 ते 70 अंशांपर्यंत चालतील असं खोक्यावर लिहिलेलं असतं, आणि माझ्या अनुभवात ते आपले उन्हाळे काढतात. खोक्यावर 'सुपरकॅपॅसिटर' हा शब्द नसेल तर बॅटरी आहे असंच धरून चाला. तरीही मे महिन्यात गाडी सावलीत लावता आली तर लावा, नाहीतर काचेच्या आतून ते चांदीच्या रंगाचं ऊन अडवणारं पान लावा. पन्नास-शंभर रुपयांच्या पानानं हजारोंचा कॅमेरा वाचतो.

आता फोर-के. माणसं विचारतात, "नंबर प्लेट दिसंल ना?" हा प्रश्न बरोबर आहे, पण त्याचं उत्तर नुसत्या मेगापिक्सेलमध्ये नाही. थोडं गणित करू. गाडीच्या पुढची हाय सिक्युरिटी प्लेट 500 मिलिमीटर रुंद असते. दहा मीटरवरून ती जेमतेम तीन अंशांचा कोन व्यापते. कॅमेऱ्यावर 140 अंश लिहिलेलं असतं ते बहुधा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप. आडवं धरलं तर 120च्या आसपास. फुल एचडी चित्र 1920 ठिपके रुंद, म्हणजे एका अंशाला सोळा ठिपके. दहा मीटरवरच्या अख्ख्या प्लेटला मिळाले पंचेचाळीसच्या आसपास. त्यात 'एमएच 19'पासून शेवटच्या आकड्यापर्यंत दहा अक्षरं बसवायची. एका अक्षराला चार-पाच ठिपके आले. चार ठिपक्यांत 8 आणि 3 वेगळे दिसत नाहीत. टू-के, म्हणजे 2560 ठिपक्यांच्या चित्रात हेच सहा होतात, खऱ्या फोर-केत, म्हणजे 3840 ठिपक्यांत, नऊ. म्हणजे दिवसा, गाडी जवळपास थांबलेली असताना, फुल एचडीत चार-पाच मीटरवरून नंबर वाचता येईल आणि फोर-केत नऊ-दहा मीटरवरून. फरक आहे, पण जाहिरातीत दाखवतात तितका नाही.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते. 170 अंशांचा कॅमेरा 'जास्त दाखवतो' म्हणून घेऊ नका. तेवढेच ठिपके जास्त रुंदीत पसरले की प्लेट आणखी बारीक होते. 130 ते 140 आपल्याला पुरे.

शिवाय सगळा फोर-के खरा नसतो. काही स्वस्त कॅमेऱ्यांत आत सेन्सर, म्हणजे चित्र पकडणारी चिप, दोन मेगापिक्सेलचा असतो आणि चित्र सॉफ्टवेअरनं ताणून फोर-के म्हणून साठवतात. पुऱ्यांची कणीक पाणी घालून वाढवावी तसा प्रकार. म्हणून सेन्सरचा नंबर विचारायचा. सोनीचे स्टारव्हिस सेन्सर या धंद्यात सर्रास वापरतात. आयएमएक्स 307 दोन मेगापिक्सेलचा, म्हणजे फुल एचडीपुरता. आयएमएक्स 335 पाच मेगापिक्सेलचा, टू-केसाठी चांगला. आयएमएक्स 415 आठ मेगापिक्सेलचा, फोर-केचा, पण त्याचे ठिपके फार बारीक आहेत, त्यामुळे अंधारात चित्र दाणेदार येतं. स्टारव्हिस 2 मधला आयएमएक्स 678 आकारानं मोठा आणि रात्री खरंच चांगला, पण तो असलेला कॅमेरा तुमच्या बजेटच्या बाहेर जातो. दहा हजारांत 335 असलेला टू-के कॅमेरा आणि 415 असलेला फोर-के असे दोन्ही समोर आले तर मी स्वतः 335 उचलीन. रात्री कन्नड घाट उतरणाऱ्या माणसाला रात्रीचं चित्र आधी लागतं.

रात्रीबद्दल जरा जास्त सांगतो, कारण निराशा तिथेच होते. हाय सिक्युरिटी प्लेट उजेड परत फेकणारी असते. तुमच्या हेडलाइटचा झोत तिच्यावर पडला की कॅमेऱ्याला ती पांढरीशुभ्र पट्टी दिसते, अक्षरं गायब. चांगला एचडीआर, म्हणजे झगझगीत उजेड आणि अंधार दोन्ही सांभाळून चित्र घेणारी सोय, असेल तर तो उजेड आवरतो, म्हणून एचडीआर किंवा डब्ल्यूडीआर असलेलाच घ्या. दुसरी अडचण वेगाची. अंधारात कॅमेरा उजेड गोळा करायला शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. समजा सेकंदाचा तिसावा भाग. तेवढ्यात ताशी साठच्या वेगातली गाडी अर्ध्या मीटरहून जास्त सरकते, म्हणजे अख्ख्या प्लेटच्या रुंदीइतकी. समोरून येणाऱ्या गाडीचा नंबर रात्री मिळेल ही आशा कुठल्याच कॅमेऱ्याकडून ठेवू नका. तुमच्याच दिशेनं, तुमच्याच वेगानं पुढे चाललेल्या गाडीचा मिळू शकतो.

त्यावर उपाय फुकटचा आहे. कोणी कट मारून किंवा धडक देऊन पळाला तर त्याचा नंबर, गाडीचा रंग आणि ठिकाण मोठ्यानं बोला. "एमएच अठरा, पांढरा टेम्पो, एरंडोलच्या पुढे." माईक ते टिपतो. म्हणून माईक चालू ठेवायचा, आणि गाडीत बसणाऱ्यांना तसं आधी सांगायचं. आमच्या एका गिऱ्हाइकानं किरकोळ धडकेची क्लिप चार माणसांत दाखवली. धडक दिसायच्या आधी पूर्ण दीड मिनिट सासुरवाडीची उणीदुणी ऐकू आली, आणि त्या चार माणसांत मेहुणा उभा होता.

आता सगळ्यात दुर्लक्षित वस्तू: मेमरी कार्ड. कॅमेरा तासन्‌तास तेच कार्ड पुसतो आणि परत लिहितो. मोबाइलचं साधं कार्ड त्यासाठी बनलेलंच नाही. दिवाळीच्या दिवसांत यावलकडचा एक जण आला होता. रात्री शेतातून रस्त्यावर चढलेली कापसाची ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, याची गाडी डाव्या बाजूनं घासली गेली. ट्रॅक्टरवाला म्हणे, तूच ओव्हरटेक करत होतास. "मनी चूक नही व्हती भो, कॅमेरामा सगळं दिसी," असं म्हणत त्यानं कार्ड माझ्या हातात दिलं. लॅपटॉपला लावलं. शेवटची फाईल पोळ्याची निघाली. सजवलेले बैल, मिरवणूक, पोरं नाचताहेत, आणि पुढे काही नाही. कार्ड तेव्हाच मेलं होतं आणि कॅमेरा तेव्हापासून नुसता लाल दिवा लुकलुकवत होता. तो दिवा काय सांगतो, हे त्याला कोणी समजावलंच नव्हतं.

म्हणून कार्ड 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलंच घ्या. सॅनडिस्क, सॅमसंग अशा कंपन्या डॅशकॅमसाठी म्हणून वेगळी कार्डं काढतात. वेगासाठी त्यावर यू3 किंवा व्ही30 असायला हवं. नकली कार्डं बाजारात पुष्कळ आहेत, तेव्हा पक्कं बिल घ्या आणि पहिल्याच दिवशी ते पूर्ण भरून पाहा. नकली कार्डावर 128 छापलेलं असतं आणि आत जेमतेम 16 निघतात. किती मोठं घ्यायचं? टू-के कॅमेरा सेकंदाला वीस मेगाबिट लिहितो असं धरा. तासाला नऊ जीबी होतात. 64चं कार्ड साडेसहा तासांत भरून जुनं पुसायला लागेल, म्हणजे पुण्याला पोचेपर्यंत चाळीसगावचं गेलेलं असेल. 128 घ्या. महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा, आणि त्याच वेळी कालची एखादी फाईल उघडून पाहा.

बाकीची फीचर्स भराभर घेतो. जीपीएस घ्या. तुमचा वेग दिसतो म्हणून लोक तो टाळतात, पण माझ्या दृष्टीनं त्याचा खरा फायदा घड्याळाचा आहे. जीपीएस नसलेला कॅमेरा उन्हाळ्यात महिनाभर पडून राहिला की त्याची तारीख कुठल्या कुठे जाते, आणि चुकीची तारीख छापलेली क्लिप पाहून समोरचा पहिला प्रश्न तोच विचारतो. जीपीएस असला तरी टाइम झोन स्वतः तपासा. बरेच कॅमेरे चीनच्या वेळेवर येतात, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. लेन बदलली, पुढची गाडी जवळ आली, असा पिकपिकाट करणारं एडास आपल्या रस्त्यांवर डोकं उठवतं. ते पहिल्याच दिवशी बंद करा आणि त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. धक्का बसला की फाईल कुलूपबंद करणारा जी-सेन्सर कामाचा आहे, पण तो 'लो'वर ठेवा. 'हाय'वर ठेवला तर प्रत्येक खड्ड्याला एक फाईल अडकते आणि पंधरा दिवसांत कार्ड अपघात न होताच भरतं. स्क्रीन हवी की नको? तुम्ही एकटे चालवत असता तर नको म्हटलं असतं. पण वडीलही गाडी नेतात. त्यांना अ‍ॅप उघडून वायफाय जोडायला लावण्यापेक्षा छोटी स्क्रीन असलेलाच घ्या. रेकॉर्डिंग चालू आहे का, हे एका नजरेत कळतं. रात्री ती एका मिनिटात विझेल असं सेटिंग मात्र करून द्या, नाहीतर काचेत उजेड पडतो.

मागचा कॅमेरा. तुमच्या बजेटमध्ये पुढचा चांगला आणि मागचा नसलेला, हे पुढचा-मागचा दोन्ही सुमार असण्यापेक्षा बरं. घाटात नेहमी होणारं भांडण कोणतं, ते आठवा. चढावर पुढची गाडी थांबते, हँडब्रेक सुटतो, ती मागे सरकून तुमच्या बंपरवर येते, आणि चालक उतरून म्हणतो, "मागून ठोकलंत!" याचा निकाल पुढचाच कॅमेरा लावतो. मागचा लागतो टोलच्या रांगेत आणि पुण्याच्या सिग्नलला. म्हणून असं मॉडेल बघा ज्याला मागचा कॅमेरा नंतर जोडता येतो. दिवाळीला पैसे आले की जोडा.

पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद उभी असतानाही चालणारं रेकॉर्डिंग, याबद्दल लोकांच्या कल्पना मोठ्या असतात. त्यासाठी कॅमेऱ्याला फ्यूज बॉक्समधून तीन वायरींचं हार्डवायर किट लागतं: एक कायम चालू लाइन, एक चावीवर चालणारी, एक अर्थिंगची. कॅमेरा साधारण 0.3 अँपिअर खातो असं धरा. एका रात्रीत दहा तासांचे तीन अँपिअर-अवर. छोट्या गाडीची बॅटरी 35 अँपिअर-अवरची, म्हणजे एका रात्रीनं काही बिघडत नाही. पण गाडी चार दिवस अंगणात उभी राहिली तर 29 जातात, आणि पाचव्या दिवशी वडील शेजाऱ्यांना धक्का मारायला बोलावतात. किटला व्होल्टेज घसरलं की कॅमेरा बंद करणारा कट-ऑफ असतो. तो 12.2 व्होल्टवर ठेवा. बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर पार्किंग मोड नकोच. आणि तुमची गाडी मुक्कामाला स्वतःच्या अंगणात असते. तिथे रात्रभर कॅमेरा जागवून मिळणार काय, मांजर? माझ्या मते हे पैसे वाचवा. पुण्यात रस्त्यावर लावायची वेळ वरचेवर येत असेल तरच विचार करा. बसवलंत तर कंपनीच्या वायरिंगला कापाकापी करू देऊ नका. फ्यूज टॅप लावून काम होतं आणि वॉरंटीवरून वाद होत नाही.

अपघात झालाच तर काय करायचं, हेही निवडीचाच भाग आहे. खासगी गाडीत डॅशकॅम लावायला आपल्याकडे मनाई नाही, सक्तीही नाही. क्लिप पुरावा म्हणून चालते, पण तिच्यामागे कागद लागतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करताना प्रमाणपत्र द्यावं लागतं. आधी हेच पुरावा कायद्याच्या कलम 65-ब खाली होतं. आपल्या शेजारच्या जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये ते प्रमाणपत्र आवश्यकच असल्याचं सांगितलं, आणि मूळ उपकरणच हजर करून मालकानं साक्ष दिली तर त्याची गरज नाही हेही सांगितलं. आपल्यापुरता अर्थ एवढाच की मूळ कार्ड जपा. धडक झाली की कॅमेरा बंद करून कार्ड बाहेर काढा, पाकिटात घाला, वर तारीख लिहा, आणि कॅमेऱ्यात दुसरं घाला. नाहीतर घरी येईपर्यंत कॅमेरा त्याच्यावरच लिहीत राहतो. पोलिसांना प्रत पेन ड्राइव्हवर द्या, दिल्याची पोच घ्या. मूळ कार्डच मागितलं तर पंचनाम्यात त्याची नोंद झाल्याशिवाय हातातून सोडू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली क्लिप दबून येते, तारीख-वेळेचा तपशीलही जातो, तेव्हा ती फक्त मामा-काकांना दाखवायला. आणि भुसावळकडे जाणं झालं तर वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माणीच्या फाटकाशी काम असेल तेव्हा कॅमेरा बंद ठेवा. तिथे चित्रण चालत नाही.

तर तुमच्यासाठी माझी यादी अशी: सुपरकॅपॅसिटर, आयएमएक्स 335 किंवा त्याच तोडीचा सेन्सर, टू-के, एचडीआर, जीपीएस, छोटी स्क्रीन, मागचा जोडायची सोय, आणि 128चं हाय एन्ड्युरन्स कार्ड. कार्डासकट दहा हजारांत बसवता येतं. मॉडेलचं नाव मुद्दाम सांगत नाही. दर सहा महिन्यांनी त्याच नावाखाली आतला सेन्सर बदललेला मी पाहिलाय. विकत घेण्याआधी दुकानदाराला त्या कॅमेऱ्याची रात्रीची मूळ फाईल लॅपटॉपवर दाखवायला सांगा, मोबाइलच्या चार बोटं स्क्रीनवर नको. तो टाळाटाळ करायला लागला तर दुकान बदला.

बसवायला कुठेही जा, पण दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. कॅमेरा आरशाच्या मागे, वायपर जिथपर्यंत काच पुसतो त्या भागात बसला पाहिजे. पावसाळ्यात त्याच्या बाहेरचं काहीच दिसत नाही. आणि वायर पुढच्या खांबातून खाली उतरवताना त्यात पडदा एअरबॅग असेल तर वायर एअरबॅगच्या मागून गेली पाहिजे, पुढून नाही. पुढून गेली तर एअरबॅग उघडताना वायरीसकट सगळं तोंडावर येतं. बसवणाऱ्याला झाकण लावण्याआधी दाखवायला सांगा. माझ्याकडे येणार असाल तर सकाळी नऊच्या आत या. काच तापली की चिकटपट्टी नीट धरत नाही, आणि मे महिन्यात दहानंतर मी कुणाच्याच काचेला हात लावत नाही.